सुई दुपट्यातच आहे

बोरिवली (पूर्व)
८ जानेवारी २०२५

चि. सौ. तेजल हिस,

अनेक आशीर्वाद. बाळ नीट दूध पीत असेल, तू दोन्ही वेळा गरम जेवत असशील आणि डिंकाचे लाडू आवडत नसले तरी एखादा गिळत असशील, असे धरून चालते. द्रौपदीबाईंना नमस्कार, नितेशरावांना आशीर्वाद.

हे पत्र मी एक विधान सिद्ध करण्यासाठी लिहीत आहे. विधान असे : माझ्या डबीतून नाहीशी झालेली सुई मी बाळासाठी शिवलेल्या दुपट्यातच आहे, ती अन्यत्र कोठेही नाही. वाचून घाबरू नकोस. दुपटे अजून माझ्याच घरात आहे आणि माझे विधान सिद्ध होईपर्यंत, म्हणजे सुई हातात येईपर्यंत, ते मुलुंडला येणार नाही. रविवारच्या, १९ तारखेच्या बारशाला कदाचित ते नसेल. त्याचे कारण तुला आधीच कळावे.

तुला ठाऊक आहे, शिवायला बसताना आणि उठताना मी सुया मोजते. सोमवारी उठताना एक कमी भरली. पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून मोजल्या. ती लांब सुई होती, गोधडीला वापरतात ती.

ती चार ठिकाणी असू शकत होती : जमिनीवर, माझ्या कपड्यांत, दुपट्यात, किंवा मोहरीच्या उशीत. उशी मी आधी शिवली होती आणि ती तुमच्याकडे पोहोचली होती; तेव्हाच्या मोजणीत माझी चूक झाली नसेलच, याची खात्री देता येत नव्हती. म्हणून काल सकाळी मी द्रौपदीबाईंना फोन करून बाळाच्या डोक्याखालची उशी काढायला सांगितली. कारण म्हणून मोहरीला कीड लागल्याचे सांगितले. ते खरे नव्हते. एका आजीला दुसऱ्या आजीपाशी फोनवरून 'सुई' हा शब्द उच्चारता आला नाही, एवढेच.

नितेशरावांनी मालाडच्या कचेरीत जाताना वाट वाकडी करून उशी आणून दिली. मी ती उसवली, मोहरी परातीत ओतली आणि तिच्यातून चुंबक फिरवला. काही नाही. मग बोटांनी चाळली. काही नाही. बाळ जवळजवळ पंधरवडा त्या उशीवर डोके ठेवून झोपले, हा विचार मात्र मोहरीसारखा परातीत ओतता येत नाही.

जमीन मी आणि शेजारच्या प्रेमाने मिळून झाडली. प्रेमाने लादीवरचे दोन तांबूस डाग दाखवून विचारले, "बाई, ह्या कसला?" मी म्हटले, बीट चिरताना सांडले असेल. तिने फडक्याने पुसले. कपडे झटकले, शिवणी चाचपल्या. चारांतली तीन ठिकाणे अशी रद्द झाली. उरते ते दुपटे. दुपट्यावरूनही चुंबक फिरवला, पण तीन जुन्या लुगड्यांच्या थरांतून त्याची ओढ पोहोचत नाही. चुंबकाला सुई सापडली नाही, याचा अर्थ सुई नाही असा होत नाही. म्हणून मी धातुशोधक यंत्र घ्यायचे ठरवले आहे.

तू फोनवर माझ्याशी बोलत नाहीस, हे मी समजू शकते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही तुझी अपेक्षा रास्त होती. मी लिफ्टचे काम आणि इमारतीतली पाण्याची ओढाताण अशी दोन कारणे दिली होती. ती पुरेशी होती, असे माझे मत आहे.

तुझी,
आई


बोरिवली (पूर्व)
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. तेजल हिस,

आशीर्वाद. आज संक्रांत. प्रेमाने दिलेला तिळगूळ पत्रासोबत पाठवते आहे. बाळंतिणीने किती खावा ते द्रौपदीबाईंना विचार.

तुझा निरोप नितेशरावांनी मोबाइलवर वाचून दाखवला : "आईला माझ्या बाळंतपणाला वेळ नव्हता, आणि दुकानं फिरून मेटल डिटेक्टर बघायला आहे?" वाचताना ते बिचारे अर्ध्यावर थांबले आणि म्हणाले, "पुढचं तसं काही महत्त्वाचं नाही, आई." मी म्हटले, वाचा. पुढे तू लिहिले होतेस, "दुपटं नको म्हणावं, बाजारातून आणू." उत्तर देते. बाजारातून जरूर आण. परंतु हे दुपटे तुझ्या आजीच्या आणि माझ्या लुगड्यांचे आहे. ते नाकारायचे की स्वीकारायचे, ते तू ठरव. पण ते निर्धोक आहे की नाही, हे ठरवणे माझे काम आहे.

मागील सहा दिवसांत मी तीन यंत्रे वापरून पाहिली. तिन्ही मधल्या किमतीची. अगदी स्वस्तातली खेळण्यांच्या जवळ जातात आणि महागडी विमानतळासाठी असतात. आजीने दुपट्यासाठी काय घ्यावे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून माझी निरीक्षणे इथे नोंदवते.

पहिले, मॉलच्या दारातल्या रखवालदाराच्या हातात असते तसे दांडकेवजा. घरपोच मागवले. वजनाला हलके, चार्ज केले की बराच वेळ चालते, आवाज करायचा की थरथरायचे हे बटणाने निवडता येते. किल्ल्यांचा जुडगा ते हातभर अंतरावरून ओळखते. परंतु मी टॉवेलच्या घडीत दुसरी सुई घालून परीक्षा घेतली तेव्हा दांडके टॉवेलला टेकवावे लागले. त्याची रचना चाकू शोधण्यासाठी आहे. परत केले.

दुसरे अंधेरीला, केतनभाईंच्या दुकानात. ते दुकानांना कॅमेरे आणि गजर विकतात. मी धातुशोधक म्हटल्याबरोबर खुर्ची पुढे केली.

"मावशी, सोनं पुरलंय कुठं? बोला ना. फिफ्टी-फिफ्टी."

"सुई हरवली आहे."

"सुई? अहो, पाकीट मिळतं ना नवीन. दहा सुया."

"ती बाळाच्या दुपट्यात आहे."

ते हसायचे थांबले. मग आतल्या बाजूला "अरे, ते गाजर आण" असे ओरडले. ते यंत्र खरोखर गाजरासारखे आहे : निमुळते, केशरी, टोकाशी संवेदन. वाळूत नाणी शोधणारे हौशी लोक ते वापरतात. संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या, पाण्यात बुडाले तरी बिघडत नाही, आणि टोक जसजसे धातूच्या जवळ जाईल तसतसा नाद भरभर होतो. जागा दाखवण्याच्या बाबतीत पहिल्यापेक्षा सरस. दोष एकच : त्याला सगळेच धातू सारखे. तुझ्या आजीच्या नारायणपेठी लुगड्याची जर मी हौसेने दुपट्याच्या कडेला लावली होती. गाजर त्या काठावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किंचाळत राहिले. म्हणून मी काठ उसवला. जर बाजूला काढून ठेवली आहे.

काठ निघाल्यावर गाजर पुष्कळसे शांत झाले. एकाच जागी वाजले, माझ्या डाव्या हाताला, खालच्या कोपऱ्याजवळ. शिवताना बसते तशीच मी बसले होते, भिंतीला पाठ, पाय पसरलेले आणि दुपटे पायांवर अंथरलेले. त्या जागेचे टाके उसवले, थर एकेक करून उलगडले. सुई नव्हती. दुपटे पुन्हा पसरले, गाजर फिरवले. पुन्हा वाजले, पण कापडाच्या निराळ्या भागावर. तोही उसवला. तिथेही नव्हती.

यंत्रात बिघाड असेल म्हणून पुन्हा अंधेरीला गेले. केतनभाईंनी तिसरे काढले, कपड्यांच्या कारखान्यांत माल बांधण्यापूर्वी फिरवतात ते. लहान इस्त्रीएवढे, तळ सपाट. ते फक्त लोखंड-पोलाद ओळखते. जरीवर फिरवले, गप्प. टॉवेलमधल्या सुईवर फिरवले, दुरूनच वाजले. आवाज कमी-जास्त करता येत नाही आणि बॅटरीचे झाकण तकलादू आहे, पण या कामापुरते पाहिले तर तिन्हींत खऱ्या मोलाचे हेच. कोणाला दुपटी, गोधड्या तपासायच्या असतील तर इतर दोहोंच्या नादी लागू नये. केतनभाई म्हणाले, "मावशी, वापरून बघा. सापडली की सांगा, मग बिल." 

घरी आणून मी शास्त्रशुद्ध परीक्षा केली. दुपट्यावर धरले की वाजते. हवेत, दुपट्यापासून दूर धरले की गप्प. जिथे दुपटे तिथे नाद, जिथे दुपटे नाही तिथे नाद नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा वर्गात शिकवायलासुद्धा मला कधी मिळाला नव्हता.

आणि तरीही सुई सापडत नाही. कापडाचा हा कोपरा फिरवून तो केला, तरी नाद डावीकडेच. याचा एकच अर्थ लागतो : सुई थरांमधून सरकते आहे. मी ज्या जागेला हात लावते तिथून ती निघून जाते. सुई स्वतःहून चालत नाही, हे मला कळते. पण अर्धे दुपटे उसवून झाले आहे, आणि ती आहे हे सिद्ध झाले आहे, आणि ती नाही. काल जेवताना ताट मांडीवर घेतले तर वाटले, ती माझ्याकडे पाहते आहे.

प्रेमा म्हणते, "बाई, तुमच्या तोंडावर ताप दिसता." मी थर्मामीटर लावला नाही. उगाच आणखी एक आकडा कशाला. डाव्या पायातली चप्पल घट्ट होते आहे. थंडीत चामडे आखडत असावे.

रविवारपर्यंत मी सुई काढीन.

तुझी,
आई


बोरिवली, रुग्णालय
१७ जानेवारी २०२५

चि. तेजल,

मी ठीक आहे, हे पहिल्यांदा. इथे स्वच्छता आहे, चहा पातळ असतो. प्रेमा सोबत आहे. फोन मी तिला करू दिला नाही. तिने माझ्या नकळत केला असेल तर तिच्यावर रागावू नकोस. मग तुला अर्धे कळलेच असेल. उरलेले अर्धे मी लिहिते, कारण ते तिला ठाऊक नाही.

काल दुपारी प्रेमा दारातून मला बघत होती. मी तशीच बसले होते, पायांवर दुपट्याचे उरलेले थर, हातात ती इस्त्री. यंत्र वाजत होते, मी उसवत होते.

"बाई, पुरे झाला. ता दुपटा माझ्याकडे द्या."

"तू नको हात लावू. टोचेल."

"टोचू दे." तिने ते माझ्या पायांवरून ओढून स्वतःच्या मांडीवर घेतले. "आता फिरवा."

मी फिरवले. एकदा, दोनदा, उलट्या बाजूने. यंत्र गप्प.

"गप कशाक?" प्रेमा म्हणाली. "बॅटरी गेली?"

बॅटरी पाहण्यासाठी मी यंत्र चटईवर, पायाशी ठेवले. ते वाजू लागले. दुपटे प्रेमाच्या मांडीवर होते. चटईवर काही नव्हते.

"बाई, पाय मागे घ्या," प्रेमा म्हणाली. घेतला. आवाज थांबला. "आता पुढे." पुढे केला. वाजले. मग तिने हसून विचारले, "जोडवी घातलात की काय या वयात?" आणि विचारता विचारताच तिचे हसू मावळले.

डाव्या तळव्यावर, चवड्याच्या खाली, एक काळा ठिपका होता, मोहरीच्या दाण्याएवढा. भोवती लाल, फुगलेले. प्रेमाने अंगठ्याने दाबले.

"दुखता?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"बाई, आता तरी?"

तिचा अंगठा पांढरा पडेपर्यंत ती दाबत होती. मला तिचा अंगठा दिसत होता, लागत नव्हता. "बाई, माका भय वाटता," ती म्हणाली. मी म्हटले, "मलाही." मला वाटते, मी हे कोणाजवळ मोठ्याने पहिल्यांदाच बोलले.

क्ष-किरणाच्या चित्रात सुई हाडांलगत आडवी दिसते. सोमवारी उठताना ती चटईवर पडलेली असणार, आणि मी तिच्यावर पाऊल देऊन उभी राहिले असणार, मग चालले, अंधेरीलाही जाऊन आले. लादीवरचे ते डाग बीटचे नव्हते. दुपट्यावर यंत्र धरले की दुपट्याखाली नेहमी माझे पाय असत. दुपटे हवे तसे फिरवले तरी पाय तिथेच होते, म्हणून नाद डावीकडेच. नुसत्या पायांवर यंत्र धरून पाहणे ही तिसरी परीक्षा राहून गेली. अकरावीच्या मुलाने ती सोडली असती तर मी त्याचे गुण कापले असते.

दुपट्यात सुई नाही. माझे विधान खोटे ठरले, आणि कोणत्याही विधानाच्या खोटेपणाने मला इतके बरे वाटलेले नाही. बाळाला त्यात गुंडाळायला हरकत नाही. प्रेमा इथे खाटेशेजारी बसून ते पुन्हा शिवते आहे. तिचे टाके लहान-मोठे पडतात, चालवून घे. तिची सुई मी दर वेळी मोजायला लावते.

आता उरलेले अर्धे.

साखरेमुळे माझ्या पायांची जाणीव गेली आहे. गेल्या वर्षीच्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी मी पायांवर तांब्या ओतला. पुसताना पाहिले तर कातडी फोडासारखी सुटलेली. पाणी चटका देणारे होते, मला कळले नव्हते. डॉक्टरांनी नाव सांगितले, गोळ्या दिल्या, अनवाणी फिरू नका म्हणाले. मी कोणालाही सांगितले नाही आणि घरात अनवाणीच फिरत राहिले, कारण चपला घातल्या असत्या तर प्रेमाने विचारले असते, का.

मग तू सातव्या महिन्यात विचारलेस, "आई, मी कधी येऊ?"

तुला आठवत नसेल, पण तुला मी पायांवर घेऊन न्हाऊ घातले आहे. पाटावर बसायचे, पाय लांब करायचे, मूल नडगीवर पालथे घ्यायचे. पहिला तांब्या मुलावर नाही ओतायचा, आपल्या पायावर ओतायचा. पाय सांगतात, पाणी सोसेल की नाही. मग पुढचा मुलावर. माझ्या आईने मला असेच शिकवले. तुझ्या बाळालाही मीच न्हाऊ घालणार होते, तू दुसऱ्या कोणाला घालू दिले नसतेस. मी डोळ्यांसमोर पाहिले : मी तांब्या पायावर ओतते आहे, पाय म्हणताहेत ठीक आहे, आणि मी पुढचा तांब्या उचलते आहे.

म्हणून लिफ्टचे काम. म्हणून पाण्याची ओढाताण.

हाताचे कोपर बुडवून पाहता आले असते, हे मला तेव्हाही सुचले होते. पण मग तू विचारले असतेस, कोपर कशाला? आणि मी सांगितले असते, तर तू पोट सावरत माझे पाय धुवायला बसली असतीस. असा युक्तिवाद मी स्वतःशी केला. तो निर्दोष होता. त्याच्या मुळाशी मात्र एवढेच होते की, पायांपासून सुरू झालेले हे कुठवर जाणार, ते मला मोठ्याने विचारायचे नव्हते.

उद्या सकाळी सुई काढतील, म्हणून हे पत्र टपालात न टाकता प्रेमाला आजच त्याचे फोटो काढून तुला मोबाइलवर पाठवायला सांगणार आहे. पू हाडापर्यंत गेला आहे का, ते उघडल्यावर दिसेल. गेला असेल तर दोन बोटे काढावी लागतील, कदाचित अधिक. डॉक्टर तरुण आहेत, शक्यता सांगताना टक्के सांगत नाहीत, मी विचारले, तेव्हा म्हणाले, "आजी, आत्ता झोपा." मी झोपलेली नाही. पांघरुणाखाली तो पाय आहे की नाही, हे मला उठून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मी सारखी उठून बघते आहे.

रविवारी बारसे आहे, ते पुढे ढकलू नका. बाळाला इथे आणू नकोस, रुग्णालयात लहान जीव आणू नये. पण तुला गाडीत बसवत असेल, द्रौपदीबाई बाळाला तेवढा वेळ सांभाळतील, आणि नितेशराव सोबत असतील, तर तू ये. सकाळी, मला आत नेण्यापूर्वी. मी तुला घरी येऊ नकोस म्हटले होते. आता ये म्हणते आहे. यात विसंगती आहे. ये.

पुढील चूक मी स्वतःच्या अक्षरात मान्य करते : "माझ्या पायांना कळत नाही" हे वाक्य पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत असायला हवे होते, आणि त्याही आधी, तू "कधी येऊ" विचारलेस तेव्हा, माझ्या तोंडी असायला हवे होते. मला ते ठाऊक होते आणि मी ते गाळले.

सुलक्षणा जयवंत परुळेकर
तुझी आई